जॉन बी. स्टेट्सन

जॉन बॅटरसन स्टेट्सन (जन्म : ऑरेंज, न्यू जर्सी, ५ मे १८३०, मृत्यू : डीलँड, फ्लोरिडा, १८ फेब्रुवारी १९०६) हे अमेरिकन हॅट-उत्पादक, उद्योजक व दानशूर गृहस्थ होते. रुंद काठाची, नमद्याची आणि पावसाला न जुमानणारी जी हॅट पुढे काउबॉय हॅट म्हणून जगभर ओळखली गेली, तिचा मूळ नमुना त्यांनी इ.स. १८६५ मध्ये फिलाडेल्फिया येथे तयार केला. त्यांच्या हयातीतच स्टेट्सन हे व्यक्तिनाम त्या हॅटचेच नाव होऊन बसले.

बालपण आणि व्यवसायाचे शिक्षण

स्टेट्सन यांचे वडील स्टीफन हे व्यवसायाने हॅट बनवणारे कारागीर होते. त्यांच्या आईचे नाव सुझन. कुटुंब मोठे असल्याने मुलांचे शिक्षण बहुतांशी घरच्या कारखान्यातच झाले. त्या काळी ऑरेंज हे हॅटच्या धंद्याचे गाव होते. जॉन यांनी प्राण्यांच्या केसांपासून नमदा घडवणे, तो लाकडी कलबुतावर चढवून माथ्याला आकार देणे आणि शेवटी काठ कापून बेतशीर करणे ही सारी कामे हाताने करण्याचे शिक्षण लहानपणीच घेतले.

यांपैकी काठ कापण्याचे काम वरवर सोपे वाटते, परंतु चुकीला त्यात क्षमा नसते. कलबुतावरून उतरलेल्या हॅटचा काठ वेडावाकडा असतो. माणसाचे डोके गोल नसून लांबट असल्याने कंपासाने वर्तुळ काढून तो कापला, तर कुठे रुंद तर कुठे अरुंद होतो. यासाठी कारागीर राउंडिंग जॅक नावाचे लाकडी हत्यार वापरत. कठीण लाकडातून कोरलेल्या या हत्याराची एक बाजू माथ्याच्या बुडाशी नेमकी टेकेल अशी वक्र असते. तिच्यापासून ठरावीक अंतरावर पाते बसवलेले असते आणि ते अंतर कमीजास्त करता येते. हॅटचा काठ सपाट फळीवर पसरून जॅक माथ्याला घट्ट दाबत एक फेरी पूर्ण केली, की जादा नमद्याची पट्टी सुटून पडते आणि काठ सर्वत्र सारख्या रुंदीचा राहतो. थोडक्यात, माप माथ्यापासून घेतले जाते, कल्पित मध्यबिंदूपासून नव्हे. हात मध्येच सैल पडला, तर तोवरची सारी मेहनत वाया जाते, कारण कापलेला नमदा पुन्हा जोडता येत नाही. माथा व काठ यांमधला कोपरा दाबून रेखीव करण्यासाठी टॉलिकर नावाचे आणखी एक लाकडी हत्यार वापरले जाई.

आजार व पश्चिमेचा प्रवास

तरुणपणी स्टेट्सन यांना क्षयाची बाधा झाली. आयुष्य फार उरले नाही असे निदान झाल्यावर हवापालटासाठी ते पश्चिमेकडे निघाले. मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ येथे त्यांनी विटांच्या भट्टीत काम केले व पुढे त्या धंद्यात भागीदारीही मिळवली. मात्र मिसूरी नदीच्या पुरात भट्टी वाहून गेली. त्यानंतर सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांबरोबर ते कोलोरॅडोतील पाइक्स पीककडे गेले. सोने हाती लागले नाही, पण प्रकृती सुधारली.

या प्रवासात शिकारीच्या कातड्यांवरील केस काढून, ते ओले करून व उकळत्या पाण्यात मळून त्यांनी सोबत्यांना विणकामाशिवाय कापड कसे तयार होते ते दाखवले, अशी कथा सांगितली जाते. त्याच नमद्याची गमतीखातर बनवलेली रुंद काठाची हॅट एका घोडेस्वाराने पाच डॉलरचे सोन्याचे नाणे देऊन विकत घेतली, असाही तिचा शेवट आहे. ही कथा पुढे कंपनीच्या लौकिकासोबत वाढत गेली, त्यामुळे तिचा तपशील जपूनच स्वीकारावा लागतो. केसांच्या सूक्ष्म खवल्यांमुळे ते उष्णता, ओलावा व दाब यांनी एकमेकांत घट्ट गुंततात, ही क्रिया मात्र खरीच आहे, आणि हॅट बनवणाऱ्याच्या मुलाला ती अवगत असणे स्वाभाविक होते.

बॉस ऑफ द प्लेन्स

इ.स. १८६५ मध्ये स्टेट्सन फिलाडेल्फियास आले. सुमारे शंभर डॉलर भांडवलावर त्यांनी एक खोली भाड्याने घेतली, हत्यारे जमवली आणि दहा डॉलरचे केस विकत घेऊन काम सुरू केले. प्रचलित फॅशनच्या हॅट बनवणारे शहरात पुष्कळ होते. त्यांच्याशी स्पर्धा जमेना. तेव्हा पश्चिमेतील गुराख्यांना ऊन, पाऊस व धुळीपासून वाचवणारी टोपी नाही, हे प्रवासात पाहिलेले वास्तव त्यांनी धंद्याचा पाया केले. बॉस ऑफ द प्लेन्स या नावाने त्यांनी काढलेल्या हॅटचा माथा सुमारे चार इंच उंच व काठ तेवढाच रुंद होता. माथ्याला घडी नव्हती आणि काठ सपाट होता. तो कसा वळवायचा हे वापरणाऱ्यावर सोडले होते. तिचे नमुने व्यापाऱ्यांकडे पाठवताच मागणी वाढली. बफेलो बिल कोडी यांच्यासारख्या प्रसिद्ध व्यक्तींच्या डोक्यावर ती दिसू लागल्यावर तिला वेगळ्या जाहिरातीची फारशी गरज उरली नाही.

कारखाना, कामगार व पारा

फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात उभा राहिलेला स्टेट्सन यांचा कारखाना जगातील सर्वांत मोठ्या हॅट कारखान्यांपैकी एक झाला. हाताने होणारी अनेक कामे यंत्रांकडे गेली. कामगारांसाठी स्टेट्सन यांनी रुग्णालय, घरबांधणीकरिता कर्ज देणारी संस्था व रविवारची धर्मशाळा चालवली. वर्षभर टिकून राहणाऱ्यांना बक्षिसे दिली. यामागे धर्मनिष्ठा होती, तसाच कसबी कामगार सोडून जाऊ नयेत हा हिशेबही होता.

या धंद्याची काळी बाजू पाऱ्याची होती. केस लवकर गुंतावेत म्हणून ते पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणाने भिजवत. नंतरच्या कामात निघणाऱ्या वाफांमुळे कामगारांचे हात कापत, दात पडत, स्वभाव चिडखोर व भित्रा होई. स्टेट्सन यांच्या जन्मगावच्याच जे. अ‍ॅडिसन फ्रीमन या डॉक्टरांनी इ.स. १८६० मध्ये हॅट-कामगारांच्या या रोगाविषयी लेख प्रसिद्ध केला होता. तरीही अमेरिकेतील नमदा-उद्योगात पाऱ्याचा वापर इ.स. १९४१ पर्यंत बंद झाला नाही. रुग्णालय बांधणाऱ्या मालकाच्या काळातही रोगाचे कारण धंद्यातून हटले नव्हते, हे त्यांच्या लोकोपयोगी कार्याचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.

शिक्षणकार्य व अखेर

फ्लोरिडातील डीलँड येथे स्टेट्सन हिवाळ्यात राहत. तेथील संस्थापक हेन्री डीलँड आर्थिक अडचणीत आल्यावर त्यांनी स्थापलेल्या शिक्षणसंस्थेचा भार स्टेट्सन यांनी उचलला. इ.स. १८८९ मध्ये तिला स्टेट्सन विद्यापीठ हे नाव मिळाले. फ्लोरिडातील पहिले विधी महाविद्यालय इ.स. १९०० मध्ये याच विद्यापीठात सुरू झाले.

तरुणपणी ज्यांच्या जगण्याची आशा सोडली गेली होती, ते स्टेट्सन वयाच्या ७५व्या वर्षी डीलँड येथील आपल्या घरी मरण पावले. त्यांचे दफन फिलाडेल्फियाजवळील वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत झाले. जॉन बी. स्टेट्सन ज्युनियर हे त्यांचे पुत्र पुढे पोलंडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. फिलाडेल्फियातील कारखाना इ.स. १९७१ मध्ये बंद पडला. हॅट मात्र आजही त्याच नावाने तयार होतात.