षट्कोनी गोळीचा ध्यास

२ जुलै १८६० रोजी लंडननजीकच्या विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने एक रेशमी दोरी ओढली. लोखंडी बैठकीवर पक्की बसवलेल्या रायफलचा चाप सुटला आणि ४०० वारांवरील निशाणाच्या केंद्रापासून अवघ्या सव्वा इंचावर गोळी लागली. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धांचे हे उद्घाटन होते. राणीच्या हाती दोरी असली तरी त्या क्षणाचा खरा मानकरी शेजारी उभा होता. त्याचे नाव जोसेफ व्हिटवर्थ.

व्हिटवर्थ मुळात बंदूककार नव्हते. २१ डिसेंबर १८०३ रोजी स्टॉकपोर्ट येथे एका शिक्षक-धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई लवकर गेली. काकांच्या सूतगिरणीत त्यांना उमेदवारीसाठी धाडण्यात आले. परंतु गिरणीच्या मालकीपेक्षा त्यातील यंत्रांचे आकर्षण त्यांना अधिक होते. यथावकाश त्यांनी लंडन गाठले आणि हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केले. पुढे ते जोसेफ क्लेमेंट यांच्याकडेही होते. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग तेथेच घडत होते.

१८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना थाटला. लोखंडी पृष्ठभाग खऱ्या अर्थाने सपाट करायचा तर तीन पट्ट आळीपाळीने एकमेकांवर ताडून त्यांचे उंचवटे खरवडत जावे, ही पद्धत त्यांनी १८४० मध्ये जाहीरपणे मांडली. पुढच्याच वर्षी देशभरातील स्क्रूच्या आट्यांचे एकच माप असावे असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. ५५ अंशांचा तो आटा आपल्याकडील जुन्या फिटरच्याही जिभेवर ‘व्हिटवर्थ’ याच नावाने बसला. इंचाचा दशलक्षांश भाग मोजणारे यंत्रही त्यांनी बनवले. अशा माणसाच्या हाती बंदूक आली, म्हणजे काय होणार हे उघड होते.

क्रिमियाच्या युद्धात सरकारला एनफिल्ड रायफली मोठ्या संख्येने हव्या होत्या. त्यांच्या उत्पादनासाठी यंत्रे बनवावीत, असे व्हिटवर्थ यांना सुचवण्यात आले. नळीला पीळ किती असावा, तिचा व्यास किती असावा, गोळी कोणत्या आकाराची असावी, यांपैकी कशाचेच शास्त्रशुद्ध उत्तर कोणाकडे नाही, असे त्यांना आढळले. ती उत्तरे मिळाल्याखेरीज यंत्रे बनवण्यात अर्थ नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. कंत्राट समोर असताना असा अडसर स्वतःच घालणारे कारखानदार तेव्हाही विरळाच होते.

त्यांच्या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० वार लांबीचे बंदिस्त दालन उभे राहिले. वादळाने ते उद्ध्वस्त केले. पुन्हा बांधावे लागले. मार्च १८५५ पासून प्रयोग सुरू झाले. वाटेत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावलेले असत. गोळी त्यांतून आरपार गेली की छिद्रांवरून तिचा मार्ग आणि डगमग दोन्ही वाचता येत. इंचाला एक फेर इतक्या तीव्र पिळाच्या नळ्याही त्यांनी तपासून पाहिल्या.

निष्कर्ष आज सोपा वाटतो. एनफिल्डची नळी ०.५७७ इंच व्यासाची, तर तिचा पीळ ७८ इंचांत एक फेर एवढाच सैल होता. व्हिटवर्थ यांनी व्यास ०.४५ इंचावर आणला, गोळीचे वजन मात्र तेवढेच, म्हणजे सुमारे ५३० ग्रेन (३४ ग्रॅम) ठेवले. नळी अरुंद झाल्याने तेवढेच शिसे लांबट गोळीत बसले. लांब गोळीला हवेचा अडथळा कमी होतो. पण ती वेगाने फिरली नाही तर वाटेतच कोलांट्या खाते. म्हणून पीळ २० इंचांत एक फेर इतका घट्ट केला. खाचांऐवजी नळीचे पोकळ अंगच पिळदार षट्कोनी घडवले आणि त्यात तंतोतंत बसणारी, तसाच पीळ असलेली षट्कोनी गोळी तयार केली. गोळी फुगून खाचा पकडेल या भरवशावर राहायचे नाही; तिने आधीच नळीशी जुळायचे, हा त्यांचा आग्रह होता. मापाच्या माणसाचाच तो आग्रह म्हणायचा. मऊ शिशाची साधी गोल गोळीही त्या नळीतून डागता येई. स्फोटाच्या दाबाने ती स्वतःच षट्कोनी होई.

१८५७ साली हाइथ येथे दोन्ही रायफलींची सरकारी कसोटी झाली. एनफिल्डच्या काडतुसांवरून हिंदुस्थानात वणवा पेटला, तेच हे वर्ष. ५०० वारांवर एनफिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट होते, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचे ०.३७ फूट. ११०० वारांवर हे आकडे अनुक्रमे ८.०४ आणि २.४१ होते. १४०० वारांवर एनफिल्डला निशाणच सापडेना. व्हिटवर्थचे विचलन तेथे ४.६२ फूट होते.

तरीही सैन्याने ती स्वीकारली नाही. अरुंद नळीत जळक्या दारूची काजळी लवकर साचते, गोळीच्या कडा नळीच्या कडांशी जुळवून भरण्यात वेळ जातो, शिवाय ती महाग आहे, असे आक्षेप होते. त्यांतील काजळीचा आक्षेप खोटा नव्हता. रणांगणात प्रत्येक बारानंतर नळी पुसायला सैनिकाला सवड नसते. ती नेमबाजाला असते. आपल्या मापांवर अढळ विश्वास असलेल्या व्हिटवर्थ यांना हा भेद कधी पुरता पटल्याचे दिसत नाही.

नेमबाजांनी मात्र तिला उचलून धरले. विम्बल्डनच्या त्याच पहिल्या स्पर्धेत राणीच्या पारितोषिकाची अंतिम फेरी ८०० ते १००० वारांवर व्हिटवर्थ रायफलींनीच लढवली गेली आणि एडवर्ड रॉस या तरुणाने ती जिंकली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे या रायफली होत्या. मे १८६४ मध्ये स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे सेनानी जॉन सेजविक यांचा बळी घेणारी गोळी व्हिटवर्थचीच असावी, असे मानले जाते.

तोफांच्या बाबतीत विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांचा कडवा सामना वर्षानुवर्षे चालला. तेथेही सरकारी पसंती त्यांना लाभली नाही. नेमबाजीतही विल्यम मेटफर्ड यांनी उथळ खाचा आणि कागदात गुंडाळलेली कठीण शिशाची गोळी आणून षट्कोनी नळीला मागे टाकले. गंमत अशी की, १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली तेव्हा तिच्या नळीचा व्यास होता ०.४५ इंच आणि पीळ २२ इंचांत एक फेर.

१८६८ मध्ये तरुण अभियंत्यांसाठी त्यांनी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुढल्या वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. मूलबाळ नव्हते. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी त्यांची कंपनी आर्मस्ट्राँग यांच्याच कंपनीत विलीन झाली.

तोंडाकडून दारू भरण्याच्या बंदुकींच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धा आजही होतात. तेथे व्हिटवर्थच्या प्रतिकृती घेऊन उतरणारे हौशी नेमबाज आपल्या नळीच्या मापाची गोळी स्वतः साच्यात ओततात, तोलतात आणि वजनात उतरली नाही तर पुन्हा वितळवतात.