कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा खाणकामगार

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात शेकडो माणसे एका दंतवैद्याच्या दारासमोर रांग लावून उभी राहिली. या दवाखान्यात सरकारी आरोग्य सेवेतील रुग्णांची नावे नोंदवून घेतली जाणार होती, एवढेच त्या गर्दीचे कारण. रांग आवरायला पोलिसांना यावे लागले. त्याआधी २०२२ मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत दहापैकी नऊ दवाखाने या सेवेखाली नवे प्रौढ रुग्ण घेतच नसल्याचे आढळले होते. ही सेवा ज्यांनी उभी केली, ते अनायरिन बेव्हन दातांच्याच प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते, हे मात्र त्या देशातही अनेकांना आठवत नसावे.

बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी साउथ वेल्समधील ट्रेडेगर या कोळसा खाणींच्या गावी झाला. दहा भावंडांपैकी काही बालपणीच दगावली. वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच शाळा सुटली आणि वडिलांप्रमाणे मुलगाही खाणीत उतरला. बोलताना तो अडखळत असे. अडणारा शब्द टाळायचा तर त्या जागी दुसरा शब्द हाताशी हवा. त्यासाठी कामगारांच्या वाचनालयातील पुस्तकांमागून पुस्तके त्याने वाचून काढली. पुढे ब्रिटिश संसदेतील अव्वल वक्त्यांमध्ये त्यांची गणना झाली, तिचे मूळ या तोतरेपणाशी दिलेल्या झुंजीत आहे.

वडील डेव्हिड बेव्हन १९२५ मध्ये मुलाच्या हातांत गेले. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी झाली होती. पण नुकसानभरपाईच्या कायद्यातील रोगांच्या यादीत हा रोग नसल्याने घरच्यांना एक छदामही मिळाला नाही. मुलगा तेव्हा बेकार होता.

याच ट्रेडेगरमध्ये कामगारांनी स्वतःच्या पैशांतून चालवलेली एक वैद्यकीय साहाय्य संस्था होती. मजुरीतील प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स द्यायचे आणि त्या बदल्यात डॉक्टर, औषध, परिचारिका, शिवाय दंतवैद्यही मिळायचा. गावातील जवळजवळ सर्वच कुटुंबे तिच्या छायेखाली होती. ए. जे. क्रोनिन यांनी तरुणपणी येथे डॉक्टर म्हणून काम केले आणि पुढे ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. बेव्हन गावच्या रुग्णालयाच्या समितीवर होते. आजारपणाचा खर्च निरोगी दिवसांत सर्वांनी मिळून भरून ठेवायचा, ही कल्पना त्यांना पुस्तकातून सापडलेली नव्हती. ती त्यांच्या गावात प्रत्यक्ष चाललेली होती.

बाकीच्या ब्रिटनमध्ये मात्र चित्र वेगळे होते. १९११ च्या विमा कायद्याने नोकरीतील कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकामुलांना नाही. दातांचे उपचार तर ज्या विमा संस्थेकडे शिल्लक पैसा असेल तिच्याच सभासदांना, जादा सवलत म्हणून. दात किडला की दुखणे सोसायचे, अगदीच असह्य झाले की उपटून घ्यायचा, हा गरिबाघरचा शिरस्ता. पुढे सारखा खर्च नको म्हणून लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवण्याची चाल काही भागांत होती. आपल्याला हे विपरीत वाटेल. पण ज्या घरात दंतवैद्याचे बिल भरण्याची ऐपत नाही, त्या घराचे गणित चुकीचे होते असे म्हणवत नाही.

१९२९ मध्ये बेव्हन एब्बू व्हेल मतदारसंघातून खासदार झाले आणि मृत्यूपर्यंत तेथूनच निवडून येत राहिले. १९४५ मध्ये अ‍ॅटली यांनी त्यांना आरोग्यमंत्री केले. इंग्लंड आणि वेल्समधील अडीच हजारांहून अधिक रुग्णालये त्यांनी सरकारच्या ताब्यात आणली. डॉक्टरांच्या संघटनेने फेब्रुवारी १९४८ मध्ये मतदान घेऊन योजनेला प्रचंड बहुमताने नकार दिला, तेव्हा रुग्णालयांतील बड्या तज्ज्ञांना खासगी खाटांची मुभा देऊन त्यांनी विरोधाची फळी फोडली. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दंतवैद्यांची संघटनाही प्रारंभी विरोधातच होती. परंतु रुग्णांचा लोंढा पाहताच बहुसंख्य दंतवैद्य योजनेत सामील झाले.

हा लोंढा कोणाच्याच हिशेबात बसणारा नव्हता. दंतवैद्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आणि समोर पिढ्यान्‌पिढ्यांचे साचलेले दुखणे. कवळीसाठी ईस्टबोर्न येथील मंडळाची पूर्वमंजुरी लागे. तेथे कागदांचे ढीग पडले. वृद्ध बायका आयुष्यात पहिल्यांदाच दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्या. मागणी अंदाजाच्या दुपटीच्या घरात गेली, आणि दंतवैद्यांना प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळत असल्याने त्यांची कमाई इतकी वाढली की १९४९ मध्ये बेव्हन यांना ठराविक मर्यादेवरील रकमेला कात्री लावावी लागली.

या साऱ्यात सर्वांत वाईट अवस्था झाली ती शाळकरी मुलांची. गर्भवती आणि मुले यांना दंतसेवेत अग्रक्रम मिळेल, असे योजनेत म्हटले होते. तथापि, शाळांच्या दंतसेवेतील पगारी दंतवैद्य अधिक मिळकतीसाठी ती नोकरी सोडून दवाखाने चालवू लागले. आजीला कवळी मिळाली, नातवाची तपासणी लांबणीवर पडली. बेव्हन यांच्या योजनेतील हा दोष खराच होता. कामागणिक पैसे मिळणार तेथे माणसे जाणार, हे खाणीत वाढलेल्या माणसाला तरी आधी उमगायला हवे होते.

दरम्यान कोरियाचे युद्ध पेटले. तीन वर्षांत संरक्षणावर ४,७०० दशलक्ष पौंड खर्चायचे ठरले आणि अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांची नजर कवळ्या व चष्म्यांकडे वळली. दोन्हींच्या किमतीचा निम्मा भार रुग्णाने उचलायचा. पहिल्या वर्षी वाचणार होते अवघे १३ दशलक्ष पौंड. बेव्हन तेव्हा कामगार खात्याकडे बदलून गेले होते. असे शुल्क लावणाऱ्या सरकारात आपण राहणार नाही, हे त्यांनी ३ एप्रिल १९५१ रोजी लंडनमधील बर्मंड्सी येथे जाहीरपणे सांगितले. १० एप्रिलला अर्थसंकल्प मांडला गेला. पंतप्रधान अ‍ॅटली त्यावेळी रुग्णालयात खिळून होते. समेट घडवणारे कोणी उरले नव्हते. २२ एप्रिलला बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्यापाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले.

विरोधकांनी याला अहंकार म्हटले. वयाने लहान असलेल्या गेट्सकेल यांच्याकडे अर्थखाते गेल्याची सल बेव्हन यांच्या मनात होती, यात शंका नाही. शिवाय औषधचिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार देणारा कायदा १९४९ मध्ये ते स्वतः मंत्री असतानाच झाला होता. तो कधी वापरला जाऊ नये अशीच त्यांची धडपड होती, हे खरे. पण दार किलकिले झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. असे असूनही मुद्द्यापुरते बोलायचे तर बेव्हन यांचे म्हणणे बरोबर होते, असे आमचे मत आहे. एवढा संरक्षणखर्च देशाला पेलणार नाही, हा त्यांचा इशारा चर्चिल सरकारने तो कार्यक्रम आवरता घेतल्यावर खरा ठरला. आरोग्य सेवेचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा वाढत नसून घटला आहे, हे १९५६ मध्ये गिलबॉड समितीने आकड्यांनिशी दाखवून दिले. आणि एकदा लावलेले शुल्क तेवढ्यावर थांबत नाही, हेही लगेच दिसले. १९५२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने दातांच्या सर्वसाधारण उपचारांवर एक पौंडाचे शुल्क बसवले. शुल्कामुळे मागणी घटली, काही दंतवैद्य शाळांकडे परतले, ही दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पण रांग कमी झाली ती दुखणे कमी झाल्याने नव्हे. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता.

राजीनाम्यानंतर बेव्हन पुन्हा मंत्री झाले नाहीत. १९५५ मध्ये पक्षाच्या नेतेपदासाठी ते उभे राहिले आणि हरले, जिंकले गेट्सकेल. पुढे दोघांनी जुळवून घेतले, १९५९ मध्ये बेव्हन उपनेतेही झाले. पण तोवर पोटाच्या कर्करोगाने त्यांना गाठले होते. आरोग्य सेवेला बारा वर्षे पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ जुलै १९६० रोजी, त्यांचे निधन झाले.