नात्याचे चिंतामणराव

महाड-पोलादपूर म्हटले, की तानाजी मालुसरे आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. मात्र, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही याच मातीतले, हे अनेकांना ठाऊक नसते. चिंतामण द्वारकानाथ तथा सी. डी. देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला.

नोटांवर स्वाक्षरी करणारे हे गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी! १९१२ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. केंब्रिज विद्यापीठात मात्र वनस्पती, रसायन व भूगर्भशास्त्र अभ्यासले आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले. पुढच्याच वर्षी ते आयसीएस परीक्षेत पहिले आले.

१९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले. जागतिक बँकेचा पाया घालणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. संस्कृतचा ध्यास कायमच राहिला. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले, तर गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पण मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडले. चार वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र साकारला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.