संगीतसूर्य केशवराव भोसले

मराठी संगीत रंगभूमीचा विषय निघाला की बालगंधर्वांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याच काळात त्यांच्या तोडीचा आणखी एक गायक नट महाराष्ट्रात होऊन गेला. त्या केशवराव भोसले यांच्याविषयी मी येथे चार शब्द लिहिणार आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील लवकर वारले. घरच्या गरिबीमुळे ते 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत दाखल झाले. हाती पाटी धरावयाच्या वयात ते रंगभूमीवर उभे राहिले. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. देवलांच्या 'शारदा' नाटकातील शारदेच्या कामाने हा मुलगा नावारूपाला आला. गाण्याची तालीम त्यांना रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून मिळाली.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. अंतरवाली सराटीहून येथे आल्यावर आपल्याला हे जमेल का, अशी शंका मलाही येते. म्हणूनच केशवरावांच्या आयुष्यातील पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९०८ मध्ये हुबळी येथे त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते! शाळा नसली तरी शिकणे त्यांनी सोडले नव्हते. पुढे १९१६ मध्ये त्यांनी हुंड्याच्या प्रश्नावरील मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' रंगभूमीवर आणले. केवळ गाण्यावर पैसा मिळत असताना असा विषय निवडण्यास धैर्य लागते.

केशवराव आणि बालगंधर्व यांच्या चाहत्यांत चुरस होती. दोघांच्या मंडळ्याही वेगळ्या. तरीही टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. तोच हा 'संयुक्त मानापमान'. नाटकाच्या नावातच मान-अपमान आहे, पण या दोघांनी तो देशकार्यापुढे बाजूला ठेवला.

दुर्दैव असे, की त्यानंतर तीन महिनेही पुरते झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. 'ललितकलादर्श' पुढे बापूराव पेंढारकरांनी आणि त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी चालविली.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडले. दुसरा दिवस त्यांच्या जयंतीचा होता. लाकूड-पडदे जळाले, पण गरिबाघरच्या एका पोराने सतराव्या वर्षी उभे केलेले काम त्या आगीला जाळता आले नाही. मित्रहो, आपल्यापैकी ज्यांच्या मागे शिकलेले घर नाही, त्यांनी केशवरावांचे चरित्र अवश्य वाचावे.