नृत्यांगना मेनका
कुलीन घरातील स्त्रीने कथ्थक नाचणे निंद्य मानले जाई, त्या काळात मेनका रंगमंचावर उभ्या राहिल्या. मूळ नाव लीला रॉय. जन्म १८९९, बंगालमधील बारिसालचा. हाफकिन संस्थेचे संचालक साहेबसिंग सोखे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईकर झाल्या. एकट्याने नाचावयाच्या कथ्थकमधून त्यांनी समूहाची नृत्यनाट्ये बसविली. १९३६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांच्या संघाचा गौरव झाला. पुढे खंडाळ्यास विद्यालय काढून कथ्थक, कथकली व मणिपुरी त्यांनी एकाच छपराखाली शिकविले. दमयंती जोशी त्यांच्याच तालमीत घडल्या. १९४७ मध्ये, पन्नाशीपूर्वीच, त्या निवर्तल्या. जांबोटीकडच्या मुली आज स्नेहसंमेलनात निःसंकोच नाचतात, तेव्हा मला वाटते, या वाटेवरचे काटे आधी वेचणाऱ्यांत मेनका होत्या.