हवेचा हिशेब

मुलांनो, सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून तुम्ही कधी दांडा दाबला आहे का? आत कोंडलेली हवा दांड्याला मागे ढकलते. हवेच्या या जोराचा नियम जगापुढे मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट बॉइल.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिस्मोर येथे झाला. वडील श्रीमंत सरदार होते. शिक्षणासाठी रॉबर्ट युरोपात गेले. पण १६४१ साली आयर्लंडमध्ये बंड झाले आणि घरून येणारे पैसे बंद पडले. अडचणीत दिवस काढून १६४४ साली ते इंग्लंडला परतले. त्यांची प्रकृती नाजूक होती, डोळेही अधू होते. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही.

पुढे ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट हूक या हुशार तरुणाने त्यांना हवेचा पंप तयार करून दिला. १६६० साली बॉइल यांनी ग्रंथ लिहून हवेला स्प्रिंगसारखा जोर असतो असे मांडले. लायनस नावाच्या विद्वानाने त्यावर आक्षेप घेतला. बॉइल यांनी शब्दांऐवजी प्रयोगाने उत्तर द्यायचे ठरवले.

त्यांनी एक लांब, वाकवलेली काचेची नळी घेतली. तिचे आखूड टोक बंद होते. लांब टोकातून पारा ओतला, तेव्हा आखूड बाजूची हवा दबू लागली. एकदा नळी फुटली आणि पारा वाया गेला. पण त्यांनी पुन्हा प्रयोग केला. हवेचे आकारमान ४८ भाग होते तेव्हा दाब सुमारे २९ इंच पाऱ्याएवढा होता. २४ भागांना तो सुमारे ५९ इंच झाला आणि १२ भागांना सुमारे ११८ इंच. आता गुणाकार करून पाहा: १३९२, १४१६, १४१६. तिन्ही जवळजवळ सारखेच! तापमान तेच राहिले तर दाब दुप्पट होताच आकारमान निम्मे होते. हेच व्यस्त चलन. १६६२ साली हा नियम प्रसिद्ध झाला. ही कल्पना रिचर्ड टाऊनली यांनी सुचवली होती, हेही बॉइल यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

हूक यांनी १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. वजन दुप्पट केले की स्प्रिंगचा ताणही दुप्पट होतो. येथे भागाकार कायम राहतो, म्हणून हे सम चलन.

मुलांनो, एक राशी वाढली व दुसरी घटली, एवढ्यावरून व्यस्त चलन म्हणू नका. गुणाकार कायम राहतो का, ते आधी तपासा.

३१ डिसेंबर १६९१ रोजी लंडन येथे बॉइल यांचे निधन झाले. वाद निर्माण झाला की मोजून पाहावे, आणि दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला द्यावे, हा धडा त्यांच्या जीवनातून आपण घेऊ या.

स्वाध्याय
१. घरून येणारे पैसे का बंद पडले?
२. बॉइल यांनी आक्षेपाला कसे उत्तर दिले?
३. सम की व्यस्त ते सांगा व कारण लिहा: (अ) एकाच दराने घेतलेल्या वह्यांची संख्या व किंमत; (आ) ठरावीक अंतरासाठी गाडीचा वेग व लागणारा वेळ.