झिपचे जनक फिल कॅट्झ

साध्या झिप फाईलचा अगदी आरंभीचा भाग तपासला, तर तेथे ‘पी’ आणि ‘के’ ही दोन रोमन अक्षरे आढळतात. फिलिप कॅट्झ या अमेरिकी प्रोग्रॅमरच्या नावाची ही आद्याक्षरे होत. अनेक कागदपत्रे एकत्र बांधून, त्यांना पासवर्ड घालून ई-मेलने पाठवण्याची आजची सवय बऱ्याच अंशी त्यांच्याच कामावर उभी आहे.

कॅट्झ यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात झाला. तेथील विद्यापीठातूनच त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली. त्या काळी संगणकावरील माहिती दूरध्वनीच्या तारेवरून संथगतीने जात असे. फाईल जितकी लहान, तितके फोनचे बिल कमी. १९८६ मध्ये कॅट्झ यांनी घरातूनच ‘पीकेवेअर’ ही कंपनी सुरू केली आणि ‘आर्क’ या प्रचलित पद्धतीच्या फाईली कितीतरी वेगाने आकुंचित करणारा प्रोग्रॅम लिहिला. मूळ पद्धत ज्या कंपनीची होती, तिने १९८८ मध्ये त्यांना न्यायालयात खेचले. अखेर तडजोड झाली आणि कॅट्झ यांना स्वतःची वेगळी पद्धत शोधणे भाग पडले.

१९८९ मध्ये ‘झिप’चा जन्म झाला. तिची रचना कॅट्झ यांनी सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती अभ्यासावी व तिच्यावर आधारित प्रोग्रॅम लिहावा, अशी मुभा दिली. या औदार्यामुळेच झिप जगभर पसरली. १९९३ मधील आवृत्तीत आलेली त्यांची ‘डिफ्लेट’ ही आकुंचनपद्धती आजही पीएनजी चित्रांत आणि संकेतस्थळांच्या दळणवळणात वापरली जाते.

झिपला पासवर्डचे कुलूपही होते. त्याची रचना रॉजर श्लाफ्ली या गणितज्ञाची. एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्ये हे कुलूप कच्चे असल्याचे सिद्ध केले. आतील मजकुराचा लहानसा भाग जरी ठाऊक असला, तरी साध्या संगणकावर काही तासांत ते उघडता येत होते. रचना खुली असल्यामुळेच दोष चारचौघांत उघड झाला आणि तो दूर करण्याची वाटही मोकळी राहिली.

कॅट्झ यांचे खासगी आयुष्य मात्र मद्याच्या व्यसनाने पोखरले. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतील एका मोटेलमध्ये ते मृतावस्थेत आढळले. तेव्हा ते अवघे ३७ वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात, काही वर्षांतच, झिपला ‘एईएस’ हे भक्कम कुलूप मिळाले. तथापि अनेक प्रोग्रॅममध्ये जुना पर्यायही अद्याप कायम आहे. म्हणून महत्त्वाची कागदपत्रे पाठवताना ‘एईएस-२५६’ निवडणे, पासवर्ड लांबलचक ठेवणे आणि तो त्याच ई-मेलमध्ये न लिहिता दूरध्वनीवरून सांगणे श्रेयस्कर. शिवाय झिपमधील फाईलींची नावे सामान्यतः पासवर्डविनाही वाचता येतात. तेव्हा नावातच खातेक्रमांक किंवा आजाराचा उल्लेख असू नये. कॅट्झ यांनी जगाला पेटी दिली. तिला कोणते कुलूप लावायचे आणि किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे मात्र पाठवणाऱ्यानेच ठरवायचे असते.